टेकडी उठते तेव्हा

"आधी डायनोसॉर," तो म्हणाला.

"आधी नगारे," मी म्हणाले.

आमच्या सभागृहाच्या मागच्या अंगाला सामानाची एकच लिफ्ट आहे, आणि तिच्या दारात आम्ही दोघं आडवे उभे होतो. माझ्यामागे चाकांवर चढवलेले तांब्याचे चार नगारे. आमच्या धंद्यात त्यांना टिंपनी म्हणतात, पण नगाऱ्याला नगारा म्हणायला लाजायचं कशाला? त्याच्यामागे काळ्या पेट्यांची रांग आणि तिच्यात गुंडाळलेला प्रचंड पडदा. बाहेर जर्मनीतल्या ओस्नाब्रुकचा जानेवारीतला पाऊस... पडतोय की नुसताच हवेत लोंबकळतोय, हे कळू न देणारा. त्याचे बारीक थेंब या माणसाच्या भुवयांवर बसले होते. मला ते दिसले, आणि दिसले याचा रागही आला.

"तुमचा डायनोसॉर कोट्यवधी वर्षं थांबलाय," मी म्हटलं. "अजून पाच मिनिटं थांबला तर काही बिघडणार नाही."

मला वाटलं, आता हा भांडणार. तर तो चक्क हसला! "बिनतोड मुद्दा आहे," म्हणत त्याने पेटी मागे ओढून मला वाट दिली. पण दार बंद होता होता वाकून म्हणालाच, "तरी एक सांगतो — तुमच्या नगाऱ्यांशिवायही तो चालतो बरं का!"

यावर झणझणीत उत्तर मला सुचलं, पण वर पोचल्यावर. माझं हे नेहमीचंच आहे.

दर जानेवारीत आमचा वाद्यवृंद तो जुना डायनोसॉरचा सिनेमा वाजवतो. हो, वाजवतो. वर भल्यामोठ्या पडद्यावर चित्र चालतं, माणसांचं बोलणं आणि जनावरांच्या डरकाळ्या त्यातूनच येतात; संगीत मात्र पुसून टाकलेलं असतं, ते खाली बसून आम्ही वाजवायचं. सिनेमा माझ्याहून वयाने मोठा. घराघरांतून तो टीव्हीवर शंभरदा बघून झालाय, पोराटोरांनाही त्यातले संवाद पाठ आहेत. आणि तरीही तिकिटं शरद ऋतूतच संपतात. एरवी आमच्या मैफिलींना अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. या तीन दिवसांत मात्र आजोबा, त्यांची लेक आणि तिची पोरं एका रांगेत बसलेली दिसतात.

मी मागच्या जानेवारीत पाहुणी म्हणून वाजवलं होतं. या जानेवारीत उमेदवार होते. आमच्याकडे नवा वादक घेतला की त्याला वर्षभर उमेदवारी करावी लागते. वर्ष संपलं की त्याला बाहेर बसवून बाकीचे सगळे आत मतदान करतात. पास झालात तर आतून पायांचा धडधडाट ऐकू येतो; वादकांचे हात वाद्यांत गुंतलेले असतात, म्हणून आम्ही टाळ्या वाजवत नाही, पाय आपटतो. नापास झालात तर दार हळूच उघडतं आणि कुणीतरी एकटाच बाहेर येऊन खालच्या आवाजात बोलतो. माझं मतदान सोमवारी होतं, सिनेमाच्या शेवटच्या खेळाच्या दुसऱ्या दिवशी. आणि मला हे शहर, हे नगारे, ही नोकरी इतकी हवी होती की आठवडाभर मला धड घास गिळवत नव्हता.

ज्यांची खुर्ची मला मिळायची होती ते हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुगेमान त्या आठवड्यात माझ्या शेजारी झांजा घेऊन उभे असायचे. निवृत्तीला आलेले, ताठ कण्याचे, हसण्याची उधळपट्टी न करणारे गृहस्थ.

"इम्के," पहिल्याच तालमीला त्यांनी बजावलं, "आपण शेवटच्या रांगेत, पडद्याच्या बरोब्बर खाली. पाठीवर डायनोसॉर नाचला तरी मान वळवायची नाही. मागे बघणारा पुढचं चुकवतो."

"तुम्ही कधीच नाही वळलात?"

"कधीच नाही," ते अभिमानाने म्हणाले.

मला मान वळवायची हौस नव्हतीच. कारण... कुणाला सांगू नका, पण मी तो सिनेमा पाहिलेलाच नव्हता. लहानपणी मावसभावांनी लावला होता. पहिली डरकाळी ऐकली आणि मी जी सोफ्यामागे पळाले ती कानांत बोटं घालून तिथेच बसले. त्यांनी मला वर्षानुवर्षं चिडवलं. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

पण मी जे बघत होते ते हॉलमध्ये दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. मला चेहरे दिसायचे.

सिनेमात एक जागा आहे. दरीत धुकं, मधोमध एक टेकडी, टेकडीवर झाडझाडोरा. माणसं तिच्या पायथ्याशी डबे उघडून जेवायला बसलेली. आणि टेकडी उठते. तिथे आधी व्हायोलिनं कुजबुजतात, मग तुताऱ्या चढतात, मी बराच वेळ मात्रा मोजत गप्प उभी, आणि मग पहिलं पाऊल पडतं ते माझ्या नगाऱ्यावर. त्या क्षणी समोरचे हजारभर चेहरे एकदम उघडतात. बँकेतले साहेब, शाळेच्या बाई, कानात बाळ्या घातलेली टारगट कार्टी, सगळ्यांची तोंडं सारखीच उघडी. कुणी शेजाऱ्याचा हात धरतं, कुणी आपलाच. काय बघत असतील ही माणसं? मी दर वेळी मनाशी म्हणायचे, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

शुक्रवारच्या पहिल्या खेळाला मला त्या अंधारात एक उजळलेला चेहरा दिसला. हॉलच्या मधोमध चित्र चालवणाऱ्याचं टेबल, टेबलावर एवढासा दिवा, दिव्यामागे तोच तो लिफ्टवाला. टेकडी उठायच्या जरासं आधी त्याने कानांवरचे हेडफोन काढले. आणि उभा राहिला. देवळात राहावं तसा.

शनिवारी दुपारी उपाहारगृहात तो ताट घेऊन थेट माझ्या समोर येऊन बसला. ताटात केल नावाच्या हिरव्या पाल्याची भाजी, उकडलेले बटाटे आणि सॉसेज.

"आन्सगार," तो म्हणाला. "आपण 'तू' म्हणूया का? लिफ्टमध्ये हरलेल्याला एवढं तरी मिळावं."

"इम्के. म्हण. पण नगाऱ्यांबद्दल वाकडं बोललास तर परत 'तुम्ही' करीन."

"काल माझ्याकडे टक लावून बघत होतीस."

"मी? मी समोर बघत होते. तू समोर होतास. माझा काय दोष?"

"हॉलमध्ये हजार माणसं समोर होती..."

"त्यांतला एकच उठून उभा राहिला. मला वाटलं, चित्र बंद पडलं!" माझे कान तापले होते. "किती वेळा पाहिलायस हा सिनेमा?"

"मोजायचं सोडलं. गावोगाव पडदा घेऊन हिंडतो. ट्रकही मीच चालवतो."

"आणि अजून कंटाळा नाही आला?"

त्याने काटा खाली ठेवला. "हसणार नसशील तर सांगतो. मला दर वेळी वाटतं, आज ती टेकडी उठणार नाही. सगळं पाठ आहे, तरी वाटतं. आणि मग ती उठते..." माझ्याच्याने हसवलं नाही. उलट माझ्या तोंडून निघून गेलं, "मी अजून पाहिलेली नाही."

"काय?"

"टेकडी. सिनेमा. काहीच."

त्याचा चेहरा असा झाला की शेजारच्या टेबलावरची बासरीवाली वळून बघायला लागली. सोफ्याची हकीकत सांगितल्यावर मात्र तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग ताट तसंच टाकून उठला. "चल. मला चित्र तपासायचंच आहे. हॉल रिकामा आहे."

मी रिकाम्या हॉलमध्ये मधल्या रांगेत बसले. एवढी मोठी घोडी झाले, तरी सोफा कुठे मिळतो का ते बघत होते! दिवे मालवले. धुकं आलं, दरी आली, जेवणारी माणसं आली. टेकडी हलली... वर आली... झाडं ओघळली, खालून मान निघाली, पाय निघाले, आणि ते अजस्र जनावर मुकाट्याने चालायला लागलं. संगीत नव्हतंच. एक माणूस "अरे देवा" म्हणाला, बस्स.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," आन्सगार मागून म्हणाला.

"मोठं आहे," मी म्हटलं. एवढ्यासाठी मी जन्मभर घाबरले होते? एवढ्यासाठी ती हजार माणसं तोंडं उघडतात? मला रडूच यायला लागलं. "चांगलं केलंय रे... पण फुग्यासारखं चालतं ते."

मला वाटलं, तो दुखावेल. तो मात्र चित्र थांबवून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"उद्या सकाळी मोकळी आहेस?" त्याने विचारलं.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या ट्रकमधून जवळच्या बार्कहाउझन गावातल्या जुन्या खाणीकडे गेलो. वर्षभर शेजारी राहून मी तिकडे फिरकले नव्हते. बीचच्या झाडांची भिजलेली पानं बुटांना चिकटत होती. झाडी संपली आणि समोर खडकाची भिंत आली. एके काळी सपाट चिखल असलेली जमीन उचलून कुणीतरी उभी करून ठेवलेली. आणि तिच्यावर डायनोसॉरची पावलं. खरी. ओळीने वर चढत गेलेली, हत्तीच्या पायासारखी गोल, खोल.

एक जनावर इथून चाललं होतं. कसलाही सिनेमा नसताना, बघायला कुणीही नसताना... आपलं चालत गेलं होतं. माझे डोळे भरून आले आणि या खेपेला ते निराशेने नव्हते.

"एवढं खोल का उमटलंय?" आन्सगारने हळूच विचारलं.

"चिखल होता म्हणून."

"आणि वजन होतं म्हणून. काल तुला फुगा दिसला, कारण वजनच नव्हतं. चित्रात ते नाहीच, इम्के. ते तू देतेस." त्याने माझा ओला हातमोजा धरला, हातासकट. "लिफ्टमध्ये मी थाप मारली होती. तुझ्या नगाऱ्यांशिवाय तो चालत नाही."

आता याच्यावर काय बोलणार? उत्तर मला घरी पोचल्यावरसुद्धा सुचलं नसतं.

"आज शेवटचा खेळ आहे," तो म्हणाला. "एकदा मागे बघ."

"उद्या माझं मतदान आहे! मागे बघणारा पुढचं चुकवतो."

"आणि न बघणारा?"

"न बघणारा नोकरीत कायम होतो," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला. पण लगेच नाही.

"उद्या सकाळी मला पडदा घेऊन डेन्मार्कला निघायचंय," परत येताना तो एवढंच बोलला. मी काचेवरचा वायपर बघत बसले.

दुपारचा खेळ. हॉल तुडुंब. मी मनाला शंभरदा बजावलं होतं की मान वळवायची नाही. धुकं आलं असावं, कारण व्हायोलिनं कुजबुजायला लागली. मी मात्रा मोजत होते. समोर आन्सगारने हेडफोन काढले, उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो वर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तीच धास्ती होती — आज उठेल ना? त्याच्या पुढच्या रांगेत एक म्हातारी हनुवटीशी दोन्ही हात घेऊन बसली होती. तिच्या पुढची, तिच्या मागची, सगळी माणसं माझ्या डोक्यावरून काहीतरी बघत होती. सगळ्या हॉलमध्ये ते न बघणारी एक मीच.

मी वळले.

बाई गं! काल पाहिलेलंच ते चित्र होतं का? तुताऱ्या चढत होत्या आणि त्यांच्याबरोबर ती टेकडी चढत होती, माझ्या डोक्याच्या वर, छताच्या वर. माती ओघळत होती, झाडं वाकत होती, धुक्यातून मान निघत होती आणि निघतच होती, संपतच नव्हती. त्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. जगात एवढं मोठं, एवढं शांत काही असू शकतं, आणि ते मला बघायला मिळतंय! मी मोजायची विसरले. मी कुठे उभी आहे तेही विसरले.

पाय उचलला गेला. पाय पडला.

आवाज आला नाही.

तो आवाज मी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण तोवर दुसरा पाय उचलला गेला होता, आणि माझे हातही. मी मोजलं नाही, काठी हलवणाऱ्या संचालकांकडे बघितलं नाही. तो पाय खाली आला आणि टिपऱ्या खाली आल्या. जमीन हादरली. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तो माझ्या हातांवर चालत होता. ज्याला घाबरून मी सोफ्यामागे पळाले होते, त्याला आता मी चालवत होते, आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग मी वळले, पुन्हा मोजायला लागले आणि शेवटपर्यंत एक मात्रा चुकले नाही. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. खेळ संपल्यावर कुणी माझ्याशी बोललं नाही. हेर ब्रुगेमाननी झांजा पुसल्या, पेटीत ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

आन्सगार धावतच आला. "माझ्यामुळे झालं हे..."

"तुझ्यामुळे नाही, माझ्या मानेमुळे," मी म्हटलं. "आणि खरं सांगू? मला पश्चात्ताप होत नाहीये. नोकरी जाणार म्हणून वाईट वाटतंय, पण पश्चात्ताप नाही." एवढं बोलले आणि त्याच्या जाकिटात तोंड खुपसून हमसून हमसून रडले.

सोमवारी मी रंगमंचामागच्या पॅसेजमध्ये एका रिकाम्या पेटीवर बसले होते. आत मतदान चाललं होतं. सामानाच्या लिफ्टचं दार वाजलं आणि दोन कागदी कप घेऊन आन्सगार बाहेर आला.

"तू अजून इथे? तुझा डेन्मार्क?"

"डायनोसॉर थांबेल पाच मिनिटं. तूच म्हणाली होतीस." तो शेजारी बसला. त्याने एक कप माझ्या हातात दिला. "तू पास झालीस तर इथेच राहशील. नापास झालीस तर कुठे जाशील कोण जाणे. मला विचारून घ्यायचंय... दोन्हीकडे यायची परवानगी."

"पुढच्या जानेवारीत?"

"पुढच्या रविवारी. आणि त्याच्या पुढच्या. पडदा गुंडाळला की मी मोकळाच असतो." त्याने घसा साफ केला. "मला तू फार आवडतेस, इम्के. नगाऱ्यांसकट."

"मला पण," मी म्हटलं. पहिल्यांदाच उत्तर वेळेवर सुचलं होतं. "मला पण तू आवडतोस. शुक्रवारी उभा राहिलास ना, तेव्हापासून."

तेवढ्यात दार उघडलं. हळूच. हेर ब्रुगेमान एकटेच बाहेर आले.

माझ्या हातातली कॉफी सांडली. एकटेच. म्हणजे संपलं. आन्सगारने माझा हात घट्ट धरला.

"इम्के," ते खालच्या आवाजात म्हणाले, "काल तू पहिलं पाऊल चुकवलंस."

"हो."

"अक्षम्य चूक. आत बोलले सगळे त्यावर." त्यांनी एकदा आन्सगारकडे बघितलं, एकदा छताकडे. "त्यानंतर झांजा वाजायला हव्या होत्या. वाजल्या का?"

मी आठवायला लागले. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं... झांजा? मला आठवेचना.

"नाही वाजल्या," हेर ब्रुगेमान म्हणाले. "ही पोरगी एवढी काय बघतेय म्हणून मी वळलो." त्यांचा ताठ कणा थोडा वाकला. "एवढी वर्षं तो माझ्या पाठीमागे उठत होता, मुली. एवढी वर्षं! आणि मी..." त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. "मला माझी चूक आत कबूल करायची होती, म्हणून वेळ लागला. आणि हेही सांगायचं होतं की ते दुसरं पाऊल माझ्या हातून असं कधी पडलं नसतं. मी पडद्याखाली उभा होतो. मला पायांत कळलं ते."

"मग... मतदान?"

"मला सांगू देत नाहीत. म्हणतात, तुम्ही फक्त दार धरा." आणि त्यांनी दार सताड उघडलं.

आधी एकच पाय वाजला, लांब कुठेतरी, व्हायोलिनांच्या बाजूला. मग दुसरा. मग चेलोवाले, तुतारीवाले, सगळेच. रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर ऐंशी माणसांचे बूट पडायला लागले आणि तो धडधडाट पॅसेजमधून माझ्या तळव्यांपर्यंत येऊन पोचला.

"काहीतरी मोठं येतंय," आन्सगार माझ्या कानाशी म्हणाला. "सोफा शोधू का?"

"नको," मी म्हटलं. मी त्याचा हात सोडला नाही आणि दाराकडे चालू लागले. "या वेळी मला बघायचंय."